कंटोळीचा बांध

अंजूरच्या बांधावर कंटोळीची वेल नेमकी कुठे उगवते, हे माझ्या धाकट्या जावेला माहीत होतं आणि मला नव्हतं. एवढ्याशा गोष्टीवरून मी कित्येक वर्षं जळत होते. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं. दागिन्यांवरून जळणाऱ्या बायका असतात, नवऱ्याच्या बढतीवरून जळणाऱ्या असतात. मी एका रानवेलीवरून जळले, आणि थोडीथोडकी नाही, चांगली करपून निघाले.

मी जन्माने भिवंडीची. इथेच शिकले आणि धामणकर नाक्याजवळच्या एका शाळेत मुलांना विज्ञान शिकवता शिकवता केस पांढरे केले. सासर अंजूरचं. रिक्षाने अर्धा तास, ट्रॅफिक नसेल तर. आणि ट्रॅफिक नाही असा दिवस मी तरी पाहिलेला नाही. माझे मिस्टर थोरले. त्यांची कारकुनाची नोकरी शहरात, माझी शाळाही शहरात, म्हणून लग्नानंतर वर्षभरातच आम्ही भिवंडीत बिऱ्हाड केलं. धाकटे दीर गावात राहिले, आधी भात लावायचे, मग गोडाऊनवर कामाला लागले. माझ्यामागून दोन वर्षांनी त्यांची बायको आली. सासरे लवकर गेले. सासूबाई धाकटीकडेच राहिल्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच घरात.

आम्ही सणावाराला अंजूरला गेलो की आई, म्हणजे सासूबाई, मला पंख्याखालची खुर्ची द्यायच्या. "बस बाय, दमून आली असशील," म्हणायच्या. धाकटीला मात्र दारातूनच हाक, की अगो ए, कुठं मेलीस, चूल बघ, कोंबड्यांना आत घे. मला आधी वाटायचं, वा, माझा मान आहे. मग कधीतरी कळलं की पाहुण्याला खुर्ची देतात आणि घरच्या माणसाला शिव्या. त्या दिवसापासून ती खुर्ची मला बोचायला लागली. मी उठून स्वयंपाकघरात जायचे तर दोघी बोलता बोलता थांबायच्या आणि धाकटी म्हणायची, ताई तुम्ही बसा ना, होतंच आलंय. गोड आवाजात म्हणायची, हेच तर माझं दुखणं. भांडली असती तर मी दोन हात केले असते.

आणि श्रावण आला की ती पिशवी यायची. दीर कामाला जाता जाता आमच्या दारात देऊन जायचे. आत ताजी, हिरवीगार, अंगावर मऊ काटे असलेली कंटोळी. बाजारात कंटोळी मिळतात, नाही असं नाही, पण ती दोन दिवसांची, पिवळट, बिया टणक झालेली. ही बांधावरची, त्याच सकाळी खुडलेली. पातळ चकत्या करून कांदा-मिरचीवर परतली की घरभर वास सुटायचा. माझे मिस्टर पहिला घास घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, आईच्या हातची चव. अहो, भाजी मी केलेली, हात माझे. पण कंटोळी धाकटीने आणलेली, आणि धाकटीला जागा आईने दाखवलेली, म्हणून चव आईची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. भाजी मात्र मी दोनदा वाढून घ्यायचे.

आमच्या गावात या जागांचा एक रिवाज आहे. कुणी तो बोलून दाखवत नाही, पण पाळतात सगळे. प्रत्येक घराची आपली एक जागा असते, कुठल्या कुंपणाखाली, कुठल्या बांधावर. कंटोळीचा कंद जमिनीत राहतो. दिवाळीनंतर वेल वाळून नाहीशी होते, वर काही म्हणजे काही उरत नाही, आणि पावसाळ्यात पुन्हा त्याच जागी कोंब येतो. त्यामुळे ज्याला जागा माहीत त्याचीच वेल. ती जागा सासू सुनेला दाखवते, कधीतरी गपचूप, बरोबर घेऊन जाते आणि बोटाने दाखवते. आईंना त्यांच्या सासूने दाखवली होती. आईंनी ती धाकटीला दाखवली, तिच्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात. मी थोरली सून. मला कुणी चल म्हटलं नाही.

खरं सांगायचं तर धाकटी दोनदा म्हणाली होती. येता का ताई बांधावर, कंटोळी काढून आणू. मी म्हटलं, ऊन आहे. ऊन कसलं आलंय, आभाळ भरून आलं होतं. पण मला तिच्या मागून जायचं नव्हतं. मला आईंनी न्यायला हवं होतं, जसं तिला नेलं तसं. मी काही मागणार नव्हते, त्यांना आपण होऊन सुचायला हवं होतं. त्यांना सुचलं नाही, मी मागितलं नाही, आणि अशी सोळा-सतरा वर्षं गेली.

एका आषाढात मात्र माझा तोल गेला. म्हटलं, बाई, तू विज्ञान शिकवतेस. फळ्यावर वेलींची चित्रं काढतेस, तणावे म्हणजे काय ते समजावतेस, आणि एक वेल तुला शोधता येऊ नये? रविवारी एकटीच गेले. घरी न जाता परस्पर खाडीच्या बाजूने बांधावर. एका अंगाला गोडाऊनची पत्र्याची भिंत, दुसऱ्या अंगाला आमचं उरलंसुरलं भातशेत, आणि मध्ये शेराच्या झुडपांचं जुनं कुंपण. त्या कुंपणावर इतक्या वेली चढलेल्या की कुठली कुणाची ते कळेना. तरी मला एक सापडलीच. पान तळाशी हृदयासारखं, कडेला कोन असलेलं, साधा एकच तणावा, स्प्रिंगसारखा वळलेला. मी मोबाइलवरच्या फोटोशी ताडून पाहिलं. तंतोतंत. मी कुंपणाला माझा रुमाल बांधला आणि छाती फुगवून घरी गेले. जेवताना सगळ्यांसमोर सहज म्हणावं तसं म्हटलं की मीही एक कंटोळीची वेल हेरून ठेवली आहे हो.

पंधरा दिवसांनी धाकटीचा फोन आला. तिला माझा रुमाल दिसला होता. तुमच्या वेलीला फुलं आलीत, पांढरी, म्हणाली. कंटोळीचं फूल पिवळं असतं. पांढरं फूल रानतोंडलीचं, तिचं फळ गुळगुळीत आणि कडू जहर. तिने मला चुचकारत सगळं समजावून सांगितलं. तोंडलीचं पान जाडसर, हाताला चरबट लागतं. कंटोळीचं पातळ, आणि चुरगाळलं की एक वेगळाच हिरवा वास येतो, तो एकदा नाकात बसला की चुकत नाही. कवंडळाची वेलही तशीच चढते, पान मोठं, फळ विषारी, त्याला तर हातच लावायचा नाही. बी.एस्सी. झालेल्या मला दहावी नापास धाकटी हे शिकवत होती, आणि एकदाही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मागून आईंचं हसू मात्र ऐकू आलं.

त्यानंतर मी तो विषय काढला नाही, पण मनातून तो गेलाही नाही. उलट खोल जाऊन बसला, अगदी त्या कंदासारखा.

पुढच्या वर्षी आईंचे गुडघे गेले. बांधापर्यंत जाणं बंद झालं, मग अंगणापर्यंत, मग खाटेवरून मोरीपर्यंत. आता बांध पूर्णपणे धाकटीचा. फाल्गुनात मी त्यांना बघायला गेले तेव्हा धाकटी दोन दिवसांसाठी माहेरी गेलेली होती. दुपारी आईंचा डोळा लागला. मी खुर्चीत बसून होते. आणि मला काय झालं ते आजही सांगता येणार नाही, मी मागच्या दारातून खुरपं उचललं आणि बांधावर गेले.

सगळं वाळलेलं. वेली नाहीत, पानं नाहीत, नुसतं शेराचं कुंपण आणि फुटलेली जमीन. या दिवसांत कंटोळीचा माग लागणं अशक्य. पण कुंपणाच्या मधल्या भागात, एका फांदीला बुडाशी, एक पट्टी बांधलेली दिसली. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कापडाचे काठ कापतात ना, त्यातली एक लाल पट्टी. आमच्या भिवंडीत अशा पट्ट्यांचे ढीगच्या ढीग पडलेले असतात, लोक त्यांनी दारं बांधतात, गाठोडी बांधतात. मी कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. पट्टी एकच होती. दोन गाठी मारून नीट बांधलेली, म्हणजे धाकटीचं काम. मी लगेच ताडलं. सगळ्यात चांगली, सगळ्यात जास्त कंटोळी देणारी वेल ही, म्हणून तिला खूण. किती हुशार समजते स्वतःला, म्हटलं.

मी खणलं. हातभर खाली एक कंद लागला, रताळ्याएवढा, मातकट, जड. तो ओढणीत गुंडाळून पर्समध्ये टाकला. माती परत लोटली, पायाने दाबली. पट्टी होती तिथेच राहू दिली. येताना रिक्षात पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि मनाशी कारणं जुळवत होते. तिथे गोडाऊन वाढणारच आहे, जमीन सपाट होणारच आहे, मग मी तर वेल वाचवतेय. शिवाय त्यांच्याकडे बाकीच्या आहेतच की. शिवाय मीही त्याच घरची सून आहे. एवढी कारणं लागतात तेव्हा माणसाला ठाऊक असतं आपण काय केलंय ते. मलाही होतं. पण खरं सांगू, त्या दिवशी मला वाईट वाटलंच नाही. मला फार बरं वाटलं.

आमची गच्ची वरच्या मजल्याला लागून आहे. रंगाच्या रिकाम्या ड्रममध्ये माती भरून मी तो कंद लावला. जूनमध्ये कोंब आला. पान चुरगाळून वास घेतला, आणि तो वास मला कळला. दोरीवरून चढत वेल पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. मिस्टरांना सांगितलं, नर्सरीतून आणली. शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली धाग्याचा धंदा असलेली शेजारीण वर येऊन बघून गेली आणि म्हणाली, बहोत अच्छा लगाया, भाजी खिलाना. म्हटलं, जरूर. जुलैच्या मध्यावर एका संध्याकाळी पहिलं फूल उमललं. पिवळंधमक. मी मुलीचा निकाल लागावा तशी खूश झाले. पुढच्या आठवड्यात रोज आठ-दहा फुलं. सकाळी सगळी गळून ड्रमभोवती पडलेली. एकही कंटोळं धरत नव्हतं.

तेव्हा कुठे मी फूल हातात घेऊन नीट पाहिलं. कंटोळीचं मादीचं फूल असेल तर त्याच्या मागे, पाकळ्यांखाली, एक इवलंसं काटेरी बोंड असतं, तेच पुढे फुगून फळ होतं. नराच्या फुलामागे काहीच नसतं, फक्त देठावर फुलाला बिलगून टोपीसारखं एक पान. माझ्या प्रत्येक फुलाला ती टोपी होती. नर वेल. मी दरवर्षी वर्गात पपईचं उदाहरण देऊन सांगते, मुलांनो, काही झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. आणि स्वतः मात्र दुपारच्या उन्हात एक लाल पट्टी बघून सगळं शास्त्र विसरले होते.

मला राग कुणाचा आला असेल? धाकटीचा. मला वाटलं, मुद्दाम. चोराने नेलीच तर बिनकामाची न्यावी म्हणून तिने फळ न देणाऱ्या वेलीला पट्टी बांधून ठेवली होती. केवढी ही आतल्या गाठीची बाई. चोर मी आणि संशय तिच्यावर, पण हेव्याला असलं काही दिसत नसतं.

श्रावण लागला. पिशवी आली नाही. एक आठवडा, दोन आठवडे. माझ्या मनात आलं, कळलं वाटतं. तिसऱ्या रविवारी मी धीर करून अंजूरला गेले.

आई खाटेवर होत्या, अर्ध्या झाल्यासारख्या. धाकटी मला ओट्यावर घेऊन बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली. आईंचं अन्न तुटलंय, नुसती पेज घेतात, तीही दोन चमचे. एकच मागतात, कंटोळीची भाजी. बाजारातून आणून केली तर घास थुंकून टाकला, म्हणाल्या ही आपली नव्हे. आणि बांधावर या वर्षी एकही कंटोळं नाही. सहा वेली आहेत, फुलांनी भरल्यात, मागे बारीक बोंडंही येतात, पण दोन दिवसांत पिवळी पडून गळतात. ती रोज सकाळी जाऊन बघते.

"नर येलच उगवली न्हाय यंदा," ती म्हणाली. "मी खणून बगितलं ताई. कंदच न्हाय. घुशीनं खाल्ला का कुजला, काय कळत न्हाय. आईंनी मला सांगितलं व्हतं, बाकी सगल्या गेल्या तरी चालंल, ही एक राख."

मग तिने मला ते सांगितलं जे मला अठरा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. गावात नर वेलीला वांझ वेल म्हणतात, फळ देत नाही म्हणून उपटून टाकतात. कुंपण साफ करायला येणारे गडीही आधी तीच उपटतात. सगळ्यांच्या बांधावरच्या अशा गेल्या. आमच्या बांधावर एकच उरली होती, ती आईंच्या सासूने राखलेली, मग आईंनी. तिच्यावर बाकीच्या सगळ्या फळतात. म्हणून तिला पट्टी, की बाबांनो, हिला हात लावू नका. बाकीच्यांना खुणेची गरजच नव्हती, त्या कुणी उपटत नाही. धाकटीच्या डोळ्यांत पाणी होतं. आईंना अजून सांगितलेलं नाही, कशी सांगू, असं मलाच विचारत होती.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पायाच्या अंगठ्याकडे बघत मी म्हटलं, "नर वेल माझ्याकडे आहे. गच्चीवर. इथलीच आहे."

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, रडली असती तर मीही रडले असते. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग पदराने तोंड पुसून तिने विचारलं की फुलं किती वाजता उमलतात. मी म्हटलं, सहाच्या पुढे. ती म्हणाली, मग उद्या कळ्या घेऊन या, इथल्याही तेव्हाच उमलतात. जाताना एवढंच म्हणाली की आईंना सांगू नका, आता त्यांना सोसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मी टपोऱ्या कळ्या खुडल्या, ओल्या फडक्यात ठेवून स्टीलच्या डब्यात भरल्या आणि नाक्यावर शेअर रिक्षा धरली. रिक्षात लूमवरून सुटलेली माणसं, सगळ्यांच्या केसांत कापसाचा भुसा. डबा उघडून मी दोनदा बघितलं, कळ्या उकलायला लागल्या होत्या. बांधावर धाकटी वाट बघत उभी होती. ती कुंपणातून मादीची फुलं शोधायची, पानं बाजूला धरायची, आणि मी नराचं फूल त्यावर अलगद टेकवायचे. एकेका फुलाला चार-पाच वेळा. अंधार पडायच्या आत सव्वीस फुलं झाली. पाच दिवस आम्ही हेच केलं. पाच दिवसांत ती माझ्याशी फुलांव्यतिरिक्त एक शब्द बोलली नाही. आणि मला, सांगायला लाज वाटते, तेव्हाही हेवाच वाटत होता. तिचे हात त्या काट्याकुट्यांत न बघता फिरत होते. ती मला नेमकी फुलं दाखवत होती आणि मला वाटत होतं, हिला बांध ओळखतो, मला ओळखत नाही.

बारा दिवसांनी तिचा फोन आला, या, धरलीत. रविवारी गेले तेव्हा तिने पहिली नऊ कंटोळी काढून ठेवली होती. भाजी तिनेच केली. आईंना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी पेजेबरोबर एक घास घेतला, दुसरा घेतला, बोटं चाटली. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा हलला. मग म्हणाल्या, एवढी उशिरा का गं आली यंदा?

धाकटी म्हणाली, नराचा कंद गेला आई, जमिनीतच कुजला. मोठ्या ताईंनी गच्चीवर एक लावली होती, त्यांनी फुलं आणली तेव्हा धरली.

आईंनी हातातला घास ताटलीत ठेवला. आणि आवाज नव्हता तरी त्या धाकटीला जे बोलल्या ते खोलीभर ऐकू आलं.

"येवढी एक येल सांगितली व्हती तुला. माज्या सासूनं राखली, मी राखली. तुज्यानं तीबी राखवली न्हाय."

धाकटी मान खाली घालून ऐकत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्या बघण्यात राग नव्हता, मागणंही नव्हतं, ती फक्त बघत होती की मी काय करते. तिनेच मला सांगू नका म्हटलं होतं, हे मला त्या क्षणी फार सोयीचं वाटलं. मी भाजीच्या वाटीकडे बघत राहिले.

आई माझ्याकडे वळल्या. खुर्चीकडे बोट नाही, बस बाय नाही. म्हणाल्या, अगो, हिच्याबरोबर जा आणि सगळा बांध बघून ये. आता तो तूच बघ. धाकटीला म्हणाल्या, दाखव मोठीला, एक येल सोडू नको.

मी गेले. हवं होतं ते शेवटी मिळालं, त्यांनी आपण होऊन सांगितलं, सगळ्यांदेखत. धाकटी पुढे, मी मागे. तिने एक वेल सोडली नाही. ही शेराच्या मोठ्या बुंध्याखाली, ही दोन दगडांच्या मध्ये, ही निरगुडीच्या मुळाशी, हिची कंटोळी लांबट येतात, हिची आधी येतात, ही एक वर्षाआड रुसते. प्रत्येक ठिकाणी खाली बसून माती हाताने साफ करून दाखवत होती. मधल्या जागेपाशी आलो. तिने खणलेला खड्डा तसाच होता. तिथेही ती खाली बसली आणि बाकीच्यांच्या वेळी बोलत होती त्याच आवाजात म्हणाली, इथं नर व्हती. आणि उठून पुढच्या वेलीकडे गेली. मी तिला तिथे थांबवून काहीतरी म्हणायला हवं होतं. माफी हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, पण मी विचारलं ते असं की हिला पाणी किती लागतं.

घरी आलो तेव्हा आई जाग्याच होत्या. धाकटी मोरीवर पाय धुवायला गेली. आईंनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "बगितलास सगला बांध? दाखवला तिनं?"

मोरीतला पाणी ओतण्याचा आवाज थांबला. दोन वाक्यांचं काम होतं. आई माझ्यावर रागावल्या असत्या, फार तर पुन्हा त्या खुर्चीत बसवलं असतं.

"हो आई," मी म्हटलं. "तिने सगळं दाखवलं."

मोरीत पुन्हा पाणी पडायला लागलं. आई मार्गशीर्षात गेल्या. तोवर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत होत्या की बांध आता मोठीकडे दिलाय, धाकटीला येल राखता आली न्हाय.